घरच्या घरी विजेवरची बर्फगाडी बांधताना या चुका टाळा

जुन्या स्नोमोबाइलमधले, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या बर्फगाडीतले, पेट्रोल इंजिन काढून तिथे मोटर, तिला वीज तोलून देणारा कंट्रोलर आणि बॅटरी बसवण्याचा उद्योग कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हौशी मंडळी करतात, आणि त्यांत तिकडे स्थायिक झालेले मराठी अभियंतेही असू शकतात. या गाडीचा उपयोग केवळ हौसेपुरता नाही. ग्रीनलंडमधील समिट स्थानकासारख्या ठिकाणी हवेचे आणि बर्फाचे नमुने घेतले जातात, तिथे इंजिनाचा धूर मुळीच चालत नाही. मात्र विजेची सायकल किंवा गोकार्ट बांधण्याचा अनुभव जसाच्या तसा बर्फावर नेला, की गाडी पहिल्याच चाचणीत अडते आणि दोष बहुधा मोटरच्या माथी मारला जातो. माझ्या मते तपासाची सुरुवात मोटरपासून न करता बॅटरीपासून करावी.

गाडी जोर लावताच बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते, हे सर्वांत नेहमीचे लक्षण. थंडीत बॅटरीतल्या प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे मोठा प्रवाह ओढताक्षणी व्होल्टेज झपकन खाली येते आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारे सर्किट, पॅकचा (सेलच्या जुडग्याचा) प्रवाह तोडून टाकते. भार जाताच व्होल्टेज पुन्हा वर चढते, म्हणून घरात मल्टिमीटर लावल्यावर सारे काही ठीक दिसते. व्होल्टेज मोजायचे ते थंडीत आणि भाराखाली. पॅकभोवती उष्णतारोधक आवरण घालावे, निघण्यापूर्वी तो घरातल्या तापमानाला असू द्यावा आणि कंट्रोलरमधील बॅटरी-प्रवाहाची मर्यादा आधी कमीच ठेवावी.

याहून गंभीर चूक चार्जिंगची. सेलचे तापमान शून्य अंशाखाली असताना चार्ज केल्यास लिथियम सेलच्या ऋण टोकातील ग्रॅफाइटमध्ये न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते. क्षमता कायमची घटते आणि पुढे सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका उरतो. हे ठाऊक असलेले लोकही एक गोष्ट विसरतात: उतारावर मोटरकडून ब्रेक लावून ऊर्जा परत घेणे हेसुद्धा चार्जिंगच आहे. सेल गार असतील तर कंट्रोलरमधील ती सोय बंदच ठेवावी. बर्फावर गाडी पायाखालच्या घर्षणानेच लवकर मंदावते, त्यामुळे त्यातून मिळणारी वीजही फारशी नसते.

आता गिअरचे प्रमाण. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, आणि तो चुकला की बाकी काहीही करून उपयोग होत नाही. स्नोमोबाइल ज्यावर चालते त्या रबरी पट्ट्याचा प्रचलित पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन खाचांमधले अंतर, २.५२ इंच, म्हणजे सुमारे ६४ मिलिमीटर असतो. पट्टा फिरवणारे आठ दात्यांचे चालक चक्र एका फेऱ्यात पट्टा ५१ सेंटिमीटर पुढे सरकवते. ताशी ३० किलोमीटर वेगासाठी मिनिटाला ५०० मीटर अंतर जायला हवे, म्हणजे चक्राचे मिनिटाला सुमारे ९७५ फेरे झाले. मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांची असेल तर फेऱ्यांची घट साधारण तीनास एक लागेल. ताशी ९० किलोमीटरची स्वप्ने पाहून मोटर थेट जोडली, तर भुसभुशीत बर्फात ती कमी फेऱ्यांवर प्रचंड प्रवाह ओढत राहते, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारांतील उष्णता चौपट होते. बाहेर उणे १५ अंश असताना मोटरला हात लावता येत नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

सकाळी गाडी जागची हलत नसेल तर थ्रॉटल दाबत बसू नये. आदल्या दिवशी पट्ट्यात शिरलेला बर्फ मोटरच्या आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळतो आणि रात्रीत गोठून पट्टा त्याच्या आतल्या सस्पेन्शनच्या दांड्यांशी जाम होतो. अशा वेळी पूर्ण जोर दिला तर मोटर आणि चक्र जोडणारी साखळी किंवा बेल्ट तुटतो, नाहीतर कंट्रोलर दोष दाखवून थांबतो. गाडीचा मागचा भाग उचलून दोनतीनदा आपटावा, बर्फाचे तुकडे गळू द्यावेत आणि पट्टा हाताने फिरतो का ते पाहावे. उलट अडचण गॅरेजमध्ये येते. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांना बर्फच वंगण आणि गारवा पुरवतो. गाडी स्टँडवर चढवून कोरडा पट्टा बराच वेळ फिरवला, किंवा घट्ट निसरड्या बर्फावर भुगा न उडता लांब पल्ला मारला, तर ते प्लास्टिक मऊ होऊन पट्ट्याच्या लोखंडी क्लिपांना चिकटू लागते. जळका वास आला की समजावे. कोरडी चाचणी काही सेकंदांचीच असावी.

वायरिंगमध्ये दोन ठिकाणी हयगय नको. हॉल सेन्सरच्या (चुंबकावरून दाब ओळखणाऱ्या) थ्रॉटलची ऋण तार थंडीने ताठ होऊन तुटली, तर सिग्नल पूर्ण दाबल्यासारखा वर जाऊ शकतो आणि गाडी आपोआप सुटते. म्हणून सिलिकॉन आवरणाची लवचीक तार वापरावी आणि चालकाच्या मनगटाला बांधलेली दोरी ओढताच मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीचा प्रवाह जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, सुटेल अशी जोडणी करावी. नुसता थ्रॉटलचा सिग्नल तोडणारा स्विच पुरेसा नाही. फ्यूज डीसीसाठीचा आणि पॅकच्या पूर्ण व्होल्टेजचा हवा, कारण घरगुती एसी फ्यूज वितळला तरी डीसीची ठिणगी विझेलच असे नाही. गाडी थंडीतून उबदार गॅरेजमध्ये आणल्यावर कंट्रोलरचा डबा लगेच उघडू नये, आत दव धरते.

अंतराची चाचणी घेताना एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकचे व्होल्टेज पाहून उरलेला चार्ज ठरवू नये, कारण त्या रसायनाचे व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहते. शंटवर, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीच्या छोट्या रोधावर, चालणारा अँपिअर-तास मोजणारा मीटर बसवावा. तिसरा हिस्सा खर्च झाला की परतावे. घट्ट वाटेवर जेवढे अंतर गेलात तेवढ्याच अंतराला परतताना ताज्या बर्फात कितीतरी अधिक वीज लागू शकते. गोठलेल्या तळ्यावर चाचणी घ्यायचीच असेल, तर स्वच्छ घट्ट बर्फाची जाडी पायी माणसासाठी किमान १० सेंटिमीटर आणि स्नोमोबाइलसाठी १३ ते १८ सेंटिमीटर हवी, आणि ती ठिकठिकाणी भोक पाडून मोजावी.