एल्डर स्क्रोल्स कुठल्या क्रमाने खेळायची, म्हणजे मालिका कशी बदलली ते खेळता खेळताच कळेल

"एल्डर स्क्रोल्स सुरू करायचीय, पहिल्या गेमपासून खेळू का?" असं कुणी विचारलं की मी लगेच नको म्हणतो. (एल्डर स्क्रोल्स म्हणजे बेथेस्डा कंपनीची, काल्पनिक जगात भटकायच्या कॉम्प्युटर गेमची मालिका.) पहिली म्हणजे अरीना, १९९४ ची, डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरची गेम, तिथून सुरुवात केली तर बहुतेक जण तिथेच थांबतात आणि पुढचं सगळं राहून जातं. पाच मुख्य गेम आहेत: अरीना, डॅगरफॉल (१९९६), मॉरोविंड (२००२), ऑब्लिव्हियन (२००६) आणि स्कायरिम (२०११). बॅटलस्पायर आणि रेडगार्ड या मधल्या फांद्या आहेत, त्या आत्ता सोडून द्या, आणि २०१४ ची एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन हे वेगळंच प्रकरण आहे, ते मित्रांबरोबर खेळायचं असेल तेव्हा बघा.

माझा क्रम असा: आधी स्कायरिम, मग मॉरोविंड, मग ऑब्लिव्हियन, मग डॅगरफॉल, आणि अरीना शेवटी दोन तास. आणि प्रत्येक गेममध्ये एक काम मुद्दाम लक्ष देऊन करा, कुणीतरी सांगितलेली जागा शोधून काढा. बस, एवढंच. ती जागा तुम्हाला कशी सापडली यात या मालिकेची सगळी उत्क्रांती दिसते असं माझं ठाम मत आहे, ग्राफिक्स वगैरे नंतरची गोष्ट.

स्कायरिममध्ये हे काम म्हणजे ब्लीक फॉल्स बॅरो. सुरुवातीच्या ड्रॅगनच्या गोंधळातून सुटून रिव्हरवुड गावात आलात की दुकानदार त्याचा चोरीला गेलेला सोन्याचा पंजा आणायला सांगतो. वर कंपासवर बाण असतो, त्या दिशेने डोंगर चढायचा, संपलं. पण आत एक दार आहे, तीन गोल कड्यांचं, त्याची चित्रं जुळवायची असतात आणि त्याचं उत्तर पंजाच्या तळव्यावरच कोरलेलं आहे, सामानात जाऊन पंजा फिरवून बघावा लागतो. नेटवर शोधू नका, स्वतः फिरवून बघा. बाकी गेमभर बाणच वाट दाखवतो, हा एक क्षण मात्र डोळे उघडे ठेवून बघायला लावतो आणि मॉरोविंडमध्ये गेल्यावर तो तुम्हाला आठवणार आहे. स्कायरिम पंधरा-वीस तास खेळा, पूर्ण करायचा हट्ट धरू नका, परत यायचंय.

आता मॉरोविंड, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच सोडून जातात आणि ते सुद्धा पहिल्या अर्ध्या तासात. होतं काय, तुम्ही कैद्यांच्या जहाजातून सेयडा नीन गावी उतरता, सरकारी कचेरीत कागदपत्रं होतात, तिथे टेबलावर एक लोखंडी खंजीर पडलेला असतो तो उचलता, बाहेर पळत सुटता, पहिल्या खेकड्याला दहा वेळा मारता आणि एकही वार लागत नाही. खंजीर समोर खेकड्यातून आरपार जाताना दिसतोय आणि तरी वार चुकला म्हणतात, मी पण तेव्हा गेम बंद केली होती आणि परत उघडायला बरेच महिने गेले.

कारण असं की मॉरोविंडच्या पोटात अजून फासेच पडतात. वार लागण्याची शक्यता म्हणजे हत्याराचं स्किल (कौशल्याचा आकडा), अधिक चपळाईचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग, आणि या सगळ्याला दमाने गुणायचं. दम म्हणजे ती हिरवी पट्टी, पूर्ण भरलेली असेल तर १.२५ ने गुणाकार, पूर्ण रिकामी असेल तर ०.७५ ने. आता समजा तुम्ही लांब तलवारीचं कॅरेक्टर बनवलं आणि हातात तो खंजीर घेतला, खंजीर आखूड पात्याच्या स्किलमध्ये मोडतो आणि ते तुमचं ५ आहे. चपळाई ४०, नशीब ४०, म्हणजे ५ + ८ + ४ = १७. पळत आल्यामुळे दम संपलेला, म्हणून जेमतेम १३ टक्के, त्यातून समोरच्याने चुकवण्याची शक्यता वजा होते ती वेगळीच. तेच जर मुख्य स्किलमधलं हत्यार घेतलं, ते ३५ वर आहे आणि चालत जाऊन दम भरलेला ठेवला, तर ४७ गुणिले १.२५ म्हणजे जवळपास ५९ टक्के. गेम तीच, खेकडा तोच. तेव्हा कॅरेक्टर बनवताना एक हत्याराचं स्किल पाच मुख्य स्किलमध्ये घ्या, तेच हत्यार वापरा, आणि भांडण दिसलं की पळत जाऊ नका, चालत जा. एवढं पाळलं तर मॉरोविंड लगेच खेळण्यासारखी वाटायला लागते.

मग जागा शोधायचं काम. बालमोरा गावी पोहोचा (सिल्ट स्ट्रायडर नावाचा प्रचंड किडा असतो, त्याच्या पाठीवर बसून जायचं, पैसे देऊन), आणि मुख्य कथेचं पहिलं काम घ्या, अर्कंगथँड नावाच्या ड्वेमर (गेममधली एक नाहीशी झालेली जमात) अवशेषातून एक छोटी पेटी आणायची. इथे बाण नाही. माणूस तुम्हाला तोंडी रस्ता सांगतो, ओडाई नदीवरचा पूल, मूनमॉथचा किल्ला, मग फोयाडा ममाया दरीवरचा जुना ड्वेमर पूल, आणि ते सगळं डायरीत लिहिलं जातं, ते वाचत वाचत जायचं. पोहोचलात तरी दार उघडत नाही, जवळच्या नळीवरचा दांडा फिरवावा लागतो. आत गेल्यावर पेटी इतकी लहान आहे की नजरेतून सुटते, म्हणून खोल्या नीट बघा, घाईघाईत खालीपर्यंत उतरू नका. मला तिथे तासाच्या वर लागला होता आणि तो रस्ता अजून पाठ आहे, स्कायरिममधल्या एका तरी गुहेचा रस्ता असा पाठ आहे का ते स्वतःला विचारून बघा.

स्कायरिममध्ये बाण बंद करून असंच खेळता येईल असं बरेच जण सांगतात, पण तसं नीट होत नाही, कारण तिथे रस्त्याचं वर्णनच फारसं लिहिलेलं नाहीये. डायरीत "अमुक वस्तू आणा" एवढंच असतं. बाण आला म्हणून वर्णन गेलं, आणि सगळे संवाद आवाजात रेकॉर्ड करायला लागल्यापासून लांबलचक मजकूर परवडेनासा झाला, ही दोन्ही वळणं ऑब्लिव्हियनमध्ये आली.

म्हणून तिसरी ऑब्लिव्हियन. इथे कंपास, नकाशावरून थेट उडी आणि पूर्ण आवाजातले संवाद एकदम आले, बादशहा युरिएल सेप्टिमला पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज आहे. मॉरोविंडमध्ये लोक दिवसरात्र एकाच जागी उभे असायचे, इथे ते उठतात, जेवतात, देवळात जातात, झोपतात. एखाद्या दुकानदाराच्या मागे पूर्ण दिवस फिरून बघा, खरंच बघा, २००६ साली ही फार मोठी गोष्ट होती. आणि काय गेलं तेही बघा: हवेत तरंगायचा मंत्र गेला, कारण शहरं आता भिंतीआड वेगळी लोड व्हायची, वरून उडून आत जाता आलं असतं तर सगळंच बिघडलं असतं. भाले गेले. मॉरोविंडमध्ये महत्त्वाचं पात्र मारलं तर भविष्यवाणीचा धागा तुटला असा मेसेज यायचा आणि गेम चालूच राहायची, इथे ते पात्र नुसतं बेशुद्ध पडतं आणि थोड्या वेळाने उठतं. एकूण स्किल मॉरोविंडमध्ये २७ होती, ऑब्लिव्हियनमध्ये २१, स्कायरिममध्ये १८, आणि स्कायरिममध्ये तर ताकद, चपळाई वगैरे आठही गुण काढून टाकले, क्लास (योद्धा, जादूगार असा कॅरेक्टरचा प्रकार) पण काढला.

ऑब्लिव्हियनची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मूळ गेममध्ये तुमची लेव्हल वाढली की शत्रूंचीही वाढते, इतकी की पुढे रस्त्यावरचे साधे लुटारू काचेची महागडी चिलखतं घालून फिरतात. त्यामुळे मुख्य कथेतलं क्वाच शहराचं काम लवकर उरका, कमी लेव्हलवर ते खूप सोपं जातं. दुसरं म्हणजे मूळ गेममध्ये झोपल्याशिवाय लेव्हल वाढत नाही, आणि कुठल्या स्किलमुळे वाढली त्यावर गुण किती मिळणार ते ठरतं, त्याचा हिशोब ठेवता ठेवता वैताग येतो. २०२५ च्या रीमास्टरमध्ये (नव्याने सजवलेल्या आवृत्तीत) हा हिशोब गेलाय, दर लेव्हलला १२ पॉइंट मिळतात ते तुम्हीच गुणांमध्ये वाटायचे. नवीन माणसाने सरळ रीमास्टर घ्यावी असं माझं मत.

डॅगरफॉल फुकट आहे. डॅगरफॉल युनिटी नावाची चाहत्यांनी बनवलेली आवृत्ती घ्या, मूळ फाइली तिला लागतात पण त्याही फुकटच मिळतात. वापराल तेच स्किल वाढतं ही मालिकेची सगळ्यात लाडकी कल्पना इथूनच सुरू झाली. नकाशा ब्रिटनएवढा असल्याचं बेथेस्डा सांगायची, १५ हजारांवर गावं, शहरं, डंजन (शत्रूंनी भरलेली भुयारं), आणि बहुतेक सगळं कॉम्प्युटरने जुळवून बनवलेलं. जागा शोधायची तर रस्त्यावरच्या माणसाला विचारा, कधी तो दिशा सांगतो, कधी तुमच्या नकाशावर खूण करून देतो. सेटिंगमध्ये छोट्या डंजनचा पर्याय आहे तो चालू करा, नाहीतर एकाच डंजनमध्ये आख्खी संध्याकाळ जाते. सुरुवातीच्या प्रश्नावलीत एबनीचा खंजीर मिळत असेल तर तोच घ्या, कारण पहिल्याच गुहेत इंप नावाचा एक छोटा राक्षस भेटतो आणि लोखंडी हत्याराचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. आणि कामाला दिवसांची मुदत असते, कबूल करण्याआधी ती वाचा.

डॅगरफॉलचा हा पसारा बघितला की मॉरोविंडचं बेट एवढं लहान का आहे ते कळतं. ब्रिटनएवढ्या नकाशाऐवजी त्यांनी एक बेट घेतलं आणि हाताने बसवलं, म्हणून तिथे दगडाच्या खुणेवरून रस्ता सांगता आला.

अरीनाला फक्त दोन तास द्या, पहिल्या तुरुंगातून बाहेर पडा आणि एक शहर फिरा, पुरे. ती मुळात आखाड्यात लढणाऱ्या योद्ध्यांची गेम होणार होती, करता करता बाजूची कामंच मोठी झाली आणि नाव तेवढं तसंच राहिलं. इथे स्किल नाहीत, शत्रू मारून मिळतील ते अनुभवाचे पॉइंट.

मग परत स्कायरिमला या, नवीन कॅरेक्टर बनवा आणि नकाशावरून थेट उडी मारायची नाही असं ठरवून खेळा. व्हाइटरन, सॉलिट्यूड, विंडहेल्म, रिफ्टन आणि मार्कार्थ या पाच शहरांच्या बाहेर घोडागाडी उभी असते, तिनेच जा, उरलेलं चालत. सिल्ट स्ट्रायडरची सवय झालेली असेल तर पहिल्याच दिवशी गाडीवाल्याशी बोलाल, तो शहरांबद्दल माहिती पण सांगतो, पहिल्या वेळी ते ऐकलंच नसेल.