थारमधील वनस्पती कशाच्या बळावर तग धरतात, हे कसे ओळखावे

जैसलमेर परिसरात वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात, आणि मे-जूनमध्ये पारा अनेकदा ४५ अंशांच्या वर जातो. तेथील वनस्पती पाहताना प्रत्येकीच्या बाबतीत एकच गोष्ट शोधावी: ती खोलवरचे पाणी मिळवते, मिळालेले साठवते, बेताने खर्चते, की कोरडा काळ सरळ टाळते. शक्य असल्यास सुरुवात जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या राव जोधा उद्यानातून करावी. २००६ पासून तेथे वेडी बाभूळ काढून मूळच्या वनस्पती पुन्हा रुजवल्या गेल्या आहेत, त्यामुळे थोडक्या जागेत पुष्कळ पाहता येते.

प्रथम पाने पाहावीत. केर म्हणजे आपल्याकडची नेपती. तिच्या कोवळ्या फुटव्यांवर बारीक पाने येतात आणि लवकरच गळून जातात. उरते ते हिरव्या काटेरी फांद्यांचे जाळे. ही झुडपे वाळलेली आहेत असे समजू नये. पानांचे काम या हिरव्या फांद्याच करतात, आणि पानेच नसल्यामुळे बाष्पीभवनाला वाव कमी राहतो. उलट आक, म्हणजे रुईची जातभगिनी, चांगली रुंद पाने मिरवते, म्हणून तिच्यापाशी थोडे अधिक थांबावे. कोवळ्या पानावरून बोट फिरवल्यास पांढरी भुकटीसारखी लव बोटाला लागते. ही लव आणि तिच्याखालचा मेणचट थर ऊन परतवतात व पाणी राखतात. पान तोडू मात्र नये, कारण त्यातून निघणारा चीक डोळ्यांना घातक असतो.

खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी. थारमध्ये जाऊन एकच झाड पाहायचे असेल, तर मी हेच सुचवीन, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये, जमिनीचा वरचा थर पार कोरडा असताना, तिला नवी पालवी फुटते आणि पुढे मे-जूनमध्ये शेंगा, म्हणजे सांगरी, धरतात. पाऊस नसताना हा हिरवेपणा शक्य होतो तो खूप खोल जाणाऱ्या मुळांमुळे. तिच्या लहान रोपाचीही शेंड्यापेक्षा मुळाकडेच अधिक वाढ चाललेली असते, त्यामुळे पहिली काही वर्षे ते जमिनीवर खुरटलेलेच दिसते. एवढ्यावरून ते निकामी ठरवू नये. शेतकरी बाजरीच्या शेतातही खेजडी राखतात आणि हिवाळ्यात तिच्या फांद्या छाटून चाऱ्याचा पाला मिळवतात, तरीही ती उन्हाळ्यात पुन्हा फुटते.

खडकाळ टेकड्यांवर थोराची मोठी बेटे आढळतात. त्यांना निवडुंगाच्या कुळातले मानण्याची चूक सर्रास होते. निवडुंग मूळचे अमेरिकेतले, तर थोर एरंडाच्या कुळातला, आणि चिकावरून तो ओळखता येतो. कोरड्या दिवसांत तो पाने टाकतो व मांसल खोडात साठवलेल्या पाण्यावर निभावतो.

वाळूच्या टेकड्यांवर फोग हे झुडूप आणि सेवण गवत शोधावे. मुळे पाहण्यासाठी काहीही उपटू नये. वाऱ्याने टेकडीचा कडा कापला असेल तेथे फोगाची लांब पसरलेली मुळे उघडीच दिसतात. वाळू त्याला गाडू लागली, की पुरल्या गेलेल्या फांद्यांनाही मुळे फुटतात. सेवणाचे ठोंब उन्हाळ्यात वाळलेल्या काड्यांसारखे दिसतात, पण जमिनीलगतचा भाग जिवंत असतो आणि पाऊस पडताच तो फुटतो.

उरतात त्या हंगामी वनस्पती. त्या पाहायच्या तर पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी जावे. गोखरू, भुरट अशा वनस्पती थोड्याच आठवड्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपतात आणि दुष्काळ बीजरूपाने काढतात. कपड्याला चिकटलेले भुरटाचे काटे निरखून पाहावेत. त्यांच्या आतच दाणे असतात. गोखरूच्या फळाचे काटेरी भाग सुटे होतात. त्या प्रत्येकात एकाहून अधिक बिया असतात व त्या सगळ्या एकाच वेळी रुजत नाहीत, त्यामुळे पहिल्या सरीनंतर पाऊस दडी मारून बसला आणि कोंब करपले, तरी पुढच्या पावसासाठी काही बी मातीत शिल्लक असते.