‘दूस दाम झोली’ कसं बसवावं

मध्ययुगीन फ्रेंच कवी-संगीतकार गीयोम द माशोचं (सुमारे 1300–1377) हे प्रेमगीत कानाला सोपं वाटतं. म्हणून बहुतेकजण आधी चाल पाठ करतात आणि मग तिच्यात शब्द कोंबतात. क्रम उलटा ठेवा.

हा ‘व्हिरले’ प्रकार. माशो त्याला ‘शाँसाँ बालादे’ म्हणायचा, म्हणजे नाचासाठीचं गाणं. चाली दोनच. आधी ध्रुवपद पहिल्या चालीवर. मग कडवं: दुसरी चाल दोनदा, दर वेळी नवे शब्द; नंतर पहिली चाल नव्या शब्दांनी; आणि लगेच ध्रुवपद. अशी तीन कडवी. पूर्ण गाण्यात पहिली चाल 7 वेळा येते, दुसरी 6 वेळा. दोन कडव्यांच्या मध्ये ध्रुवपद एकदाच म्हणा. दोनदा म्हटलं की गाणं जागच्या जागी फिरू लागतं. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली माशोची हस्तलिखितं ‘गालिका’ या त्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. पुढच्या कडव्यांचे शब्द तिथे स्वरांविना लिहिलेले आहेत, ते आपणच बसवायचे.

आता अक्षरं मोजा. ध्रुवपदाच्या चारही ओळींत गाताना 7 अक्षरं येतात: दू-स-दा-म-झो-ली-अ. आपली जीभ नेमकी इथे घसरते. बोलताना आपण ‘घर’मधला शेवटचा अ गिळतो, तशीच ‘दूस दाम’ ही चारच्या जागी दोन अक्षरं होतात आणि दोन स्वर पोरके राहतात. श्लोक म्हणताना शेवटचा अ उच्चारतो तसा इथे हलकाच उच्चारा, त्यावर जोर नको. ‘moy’ (मी) या शब्दाचा उच्चार ‘म्वे’च्या जवळ ठेवा, आजचा ‘म्वा’ नको. र जिभेच्या टोकाने.

अर्थही आधीच समजून घ्या. प्रियकर म्हणतो, तुमच्याखेरीज माझ्यावर कुणाची ‘सिन्योरी’ आहे असं मनातही आणू नका. हा शब्द सरंजामी सत्तेचा आहे. प्रेयसी इथे धनीण आहे. आर्जव करा, पण रडवेलं गाऊ नका.

कडव्याची सुरुवात सर्वांत अवघड. पहिल्या ओळीनंतर ‘शेरीअ’ ही तीनच अक्षरांची ओळ येते, आणि यमक जुळलं म्हणून गायक तिथे थांबतो. पण वाक्य पुढे चालूच असतं: ‘कसलंही कपट न ठेवता मी तुम्हाला जिवापाड मानलं, आणि नम्रपणे आयुष्यभर तुमची सेवा केली’. म्हणून श्वास कडव्याच्या आधी पोटभर घ्या आणि ही वळणं एका दमात काढा. सुरुवातीला मिनिटाला 60 ठोके पुरेत.

हस्तलिखितात स्वराची एकच ओळ आहे. पेटीवर कॉर्ड धरलेत की तिचं वळण बुजतं. फार तर सा-प धरून ठेवा. डफ वाजवायचा तर हळू; दर ठोक्यावर थाप पडली की फ्रेंच शब्दांवर नको तिथे आघात येतो. मींड आणि गमक टाळा, प्रत्येक स्वर सरळ लावा. चारपाचजण असाल तर ध्रुवपद सगळ्यांनी म्हणावं आणि कडवी एकाने.