पायथन ३.१४ वर जाण्याआधी काय काय तयार ठेवायचं

आधी कॅलेंडर उघडा. ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. ३.१४ आली ७ ऑक्टोबर २०२५ ला. आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे ३.९ ची मुदत त्याच महिन्यात संपली आणि ३.१० ची ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. तुमचा कोड यांपैकी कशावर चालत असेल, तर उडी मोठी आहे आणि खालची प्रत्येक गोष्ट तुम्हाला लागू आहे. ३.१३ वर असाल तर बराच भाग झरझर वाचून होईल.

पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट आत्ताच कॅलेंडरवर टाका. मे महिन्यात पहिला बीटा (चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती) आला की भाषेत नवीन काही घेणं थांबतं, आणि रिलीज कँडिडेट (जवळपास अंतिम आवृत्ती) आली की सी भाषेत लिहिलेल्या लायब्रऱ्यांसाठीचा आतला सांधाही गोठतो. चाचण्या चालवायची वेळ हीच. तेव्हा सापडलेली चूक ऑक्टोबरच्या आत दुरुस्त होऊ शकते. नंतर सापडली तर तुम्हाला पुढच्या छोट्या रिलीजची वाट पाहावी लागते.

मग आपलं पायथन नक्की कुठे कुठे चालतं ते लिहून काढा. मुख्य सर्व्हर सगळ्यांच्या लक्षात असतो. विसरतात ते क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनात) रात्री चालणारी स्क्रिप्ट, डॉकरच्या (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामग्रीसकट इमेजमध्ये बांधणाऱ्या साधनाच्या) फाइलमधली पहिली ओळ, सीआयची (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट्स चालवणाऱ्या व्यवस्थेची) मांडणी आणि अकाउंट्सच्या खोलीतल्या विंडोज मशीनवर कोणीतरी बसवून दिलेला रिपोर्ट. लिनक्सवर मशीनचं स्वतःचं पायथन बदलू नका. उबुंटू २४.०४ मध्ये ते ३.१२ आहे आणि सिस्टिमची कितीतरी साधनं त्याच्यावर उभी आहेत. नवं पायथन शेजारी बसवा, पायएन्व्ह किंवा यूव्ही या साधनाने. जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (प्रकल्पाच्या पॅकेजेसचा वेगळा कप्पा) उचलून नव्या आवृत्तीखाली ठेवता येत नाही. ते नव्यानेच बनवा, आणि त्याआधी जुन्यातल्या सगळ्या पॅकेजेसच्या आवृत्त्यांचे अचूक आकडे पिपच्या (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाच्या) फ्रीझ कमांडने काढून गिटमध्ये ठेवा.

यादीतलं सर्वांत मोलाचं काम आता येतं, आणि नेमकं तेच बहुतेक टीम गाळतात. नवी आवृत्ती बसवण्याआधी जुन्याच आवृत्तीवर सगळ्या वॉर्निंग्ज चालू करून टेस्ट्स चालवा. पायथन सहसा कोणतीही गोष्ट अचानक काढत नाही. निदान दोन आवृत्त्या आधी डेप्रिकेशन वॉर्निंग (ही गोष्ट पुढे जाणार, अशी सूचना) देतं. पण ही वॉर्निंग मुख्य फाइल सोडून इतरत्र दाबलेली असते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. पायटेस्ट हे टेस्ट्स चालवणारं साधन ती शेवटी दाखवतं आणि आपण वर स्क्रोल न करता हिरवी ओळ पाहून उठतो. वॉर्निंगलाच एरर मानायची सेटिंग लावा, म्हणजे डोळेझाक करता येणार नाही. पहिल्या दिवशी पडदा लाल होईल. घाबरू नका, यांतलं बरंचसं इतरांच्या लायब्रऱ्यांचं असतं. आपलं आणि परकं वेगळं करा. आपलं दुरुस्त करा, आणि परक्यासाठी त्या लायब्ररीची नवी आवृत्ती आहे का ते बघा.

काय काय गेलं आहे ते एकदा शोधून घ्या. ३.१२ मध्ये पॅकेजेस बांधणारं डिस्टयुटिल्स गेलं. ३.१३ मध्ये स्टँडर्ड लायब्ररीतली १९ जुनी मॉड्यूल्स एकदम गेली: सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट, ऑडिओऑप, पाइप्स वगैरे. थेट वापर नसला तरी आडून फटका बसतो. आवाजाच्या फाइली हाताळणारी पायडब ऑडिओऑपवर अवलंबून आहे, आणि ते मॉड्यूल नसेल तर इम्पोर्टच होत नाही. त्यासाठी पायपीआय या पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारावर ऑडिओऑप-एलटीएस नावाचं वेगळं पॅकेज आहे. सीजीआयसाठी लेगसी-सीजीआय आहे. ३.१४ मध्ये असिंकआयओ या अनेक कामं एकाच वेळी हाताळणाऱ्या मॉड्यूलचं गेट-इव्हेंट-लूप हे फंक्शन, चालू लूप नसेल तर, गुपचूप नवा लूप बनवून देत नाही, एरर देतं. जुन्या बॉट आणि स्क्रेपरच्या कोडमध्ये हे हमखास सापडेल.

लायब्रऱ्यांकडे वळा. प्रत्येक पॅकेजसाठी ३.१४ चं तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) आहे का, हे एकेक पान उघडून तपासत बसण्यापेक्षा पिपला फक्त तयार बायनरीच घ्यायला सांगा. जिथे अडेल ते नाव वहीत घ्या. व्हील नसलं की पिप सोर्समधून बांधायला जातं, आणि डॉकरच्या स्लिम इमेजमध्ये कंपायलरच नसतो. डेटा तपासणारी पायडँटिक ही लायब्ररी वापरत असाल तर इथे थांबून नीट बघा. ३.१४ पासून, कुठे कोणत्या प्रकारचा डेटा येईल ते सांगणाऱ्या टाइप अ‍ॅनोटेशन्सचं मूल्य लगेच काढलं जात नाही, मागितल्यावरच काढलं जातं. अ‍ॅनोटेशन्स वाचून चालणाऱ्या लायब्रऱ्यांना त्यासाठी आतून बदलावं लागलं. पायडँटिक २.१२ मध्ये ३.१४ चा पाठिंबा आला; पहिल्या पिढीचं पायडँटिक मात्र ३.१४ वर चालत नाही. तुमचे मॉडेल अजून त्याच्यावर असतील, तर आधी ते स्थलांतर वेगळं पूर्ण करा.

मल्टिप्रोसेसिंग (काम अनेक प्रक्रियांत वाटणारं मॉड्यूल) वापरणाऱ्यांनी पुढचा बदल टेस्टच्या भरवशावर सोडू नये. लिनक्सवर आजवर नवी प्रक्रिया फोर्कने जन्माला यायची, म्हणजे मुलाला आईबापाची सगळी मेमरी जशीच्या तशी मिळायची. त्यामुळे मुख्य भागात एखादी मोठी डिक्शनरी भरून ठेवायची आणि वर्करने ती न मागता वापरायची, अशी सवय आपल्याकडे रुळली. पण थ्रेड्स चालू असताना फोर्क केलं तर मूल एखाद्या बंद कुलपाशी कायमचं अडकू शकतं, म्हणून ३.१४ मध्ये डिफॉल्ट पद्धत फोर्कसर्व्हर झाली, म्हणजे नव्या प्रक्रिया एका वेगळ्या, स्वच्छ प्रक्रियेतून जन्मतात. आता ती डिक्शनरी वर्करला दिसणार नाही. जे द्यायचं ते पिकल होऊन (बाइट्समध्ये बांधलं जाऊन) जाईल, त्यामुळे लॅम्डा (नाव नसलेलं फंक्शन) पाठवता येणार नाही, आणि मुख्य कोडला नेहमीचं ‘नेम इज मेन’चं कुंपण (फाइल थेट चालवली तरच कोड चालवणारी अट) लागेलच. वेळ नसेल तर कोडमध्ये फोर्क हा संदर्भ स्पष्ट मागून जुनं वागणं टिकवता येतं. पण ती उधारी आहे, कामांच्या यादीत तिचं तिकीट काढून ठेवा.

जीआयएलविना, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणाऱ्या कुलपाविना, चालणारं पायथन ३.१४ मध्ये अधिकृत झालं आहे. ते वेगळं बिल्ड आहे आणि एका थ्रेडच्या कामात साधारण ५ ते १० टक्के हळू पडतं. मला त्याचं फार अप्रूप आहे, तरीही ते या स्थलांतरात मिसळू नका. सोर्समधून पायथन बांधणाऱ्यांनी डाउनलोडची डिजिटल सही तपासणारी स्क्रिप्ट बदलावी: ३.१४ पासून पीजीपी सह्या मिळत नाहीत, सिगस्टोअर ही दुसरी सही-पद्धत वापरावी लागते.

देवनागरी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी एक खास काम. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) लिहिलं नाही, तर पायथन मशीनचं कोडपेज धरतं, आणि ते बहुधा १२५२ असतं. मग ‘ज्ञानेश्वर’ लिहायला गेलं की एरर, आणि वाचायला गेलं की कचरा किंवा पुन्हा एरर. ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट होणार आहे. आपल्यासाठी ही आनंदाची गोष्ट आहे, पण जुन्या कोडपेजमध्ये साठवलेल्या फाइली तेव्हा अडतील. डिफॉल्ट एन्कोडिंगची वॉर्निंग ३.१० पासून आहे. ती आत्ताच चालू करा आणि प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग लिहून टाका. मराठी नावं, पत्ते आणि जोडाक्षरांनी भरलेली एक टेस्ट फाइलही ठेवा. इंग्रजी नमुन्यांवर ही चूक कधीच पकडली जात नाही.

बदलाच्या आठवड्यात सीआय दोन्ही आवृत्त्यांवर चालू द्या. प्रॉडक्शनसाठी मी ३.१४.० न घेता पहिली दुरुस्ती रिलीज, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये आलेली ३.१४.१, किंवा तिच्या नंतरची घेईन. आधी कमी महत्त्वाची एक सेवा हलवा, महिनाअखेरीचं काम तिच्यावर एकदा होऊन जाऊ द्या, मेमरी आणि वेळेचे आकडे जुन्याशी ताडून बघा. जुनी डॉकर इमेज टॅगसकट जपून ठेवा आणि ती परत कशी चढवायची ते टीममधल्या दुसऱ्या कुणाकडून एकदा करवून घ्या. ३.१४ चं नवं व्याकरण, टी-स्ट्रिंग्ज वगैरे, मागे फिरायची शक्यता संपेपर्यंत कोडमध्ये येऊ देऊ नका.