वस्तऱ्याला नैसर्गिक सिल्लीवर धार लावताना

कृत्रिम दगडावर कणांचा बारीकपणा सांगणारे १०००, ४०००, ८००० असे आकडे छापलेले असतात. खाणीतून निघालेल्या सिल्लीला असा एकच आकडा लावता येत नाही. तीच सिल्ली धार उभीही करते आणि तिच्यावर शेवटचा हातही फिरवते. फरक पडतो तो तिच्यावर गंध किती आहे यावर. सहाणेवर चंदन उगाळतात तसा त्याच दगडाचा छोटा तुकडा ओल्या सिल्लीवर घासला की दुधासारखं गंध सुटतं. त्यातले सुटे कण पोलाद कापतात. बेल्जियमच्या आर्देन भागातल्या पिवळ्या कोटिक्युल दगडात हे कण गार्नेटचे असतात. दाट गंध झपाट्याने काम करतं, पण तेच कण धारेच्या अगदी कडेवर आपटून ती थोडी बोथटही करतात. म्हणून सुरुवात दाट गंधाने करायची आणि ते हळूहळू पातळ करत साध्या पाण्यापर्यंत यायचं.

आधी सिल्लीची सपाटी बघा. जुन्या धोकटीतली सिल्ली बहुधा मधोमध खोलगट झालेली असते, आणि तिच्यावर सरळ धार लागत नाही. ८ ते १० मिमी जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ठेवा (इंदूरच्या सियागंज बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो). सिल्लीवर पेन्सिलने चौकटी आखा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासा. मग ४०० आणि ६०० नंबरवर हात फिरवा. सिल्लीच्या चारही कडा किंचित गोल करा, नाहीतर त्या पात्याला चावतात. हे काम कोरडं कधीच करू नका. दगडाच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाते.

पाणीही महत्त्वाचं. इंदूरचं बोरिंगचं पाणी जड असतं, सुकलं की पात्यावर पांढरे डाग पडतात. नर्मदेचं पाणी गाळून घ्या. वाळूचा एक कण गंधात शिरला तरी धारेला खाच पडू शकते.

वस्तऱ्याचा कोन हाताने धरायचा नसतो, तो पात्याच्या पाठीनेच ठरतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी सिल्लीला टेकलेली हवीत. साधारण १६ मिमी रुंद पात्याची पाठ ४.५ ते ५ मिमी जाड असते आणि त्यातून १६ ते १८ अंशांचा कोन मिळतो. पाठीवर इन्सुलेशन टेप लावायची असेल तर एकच थर लावा. त्याने कोन जवळपास १ अंशाने वाढतो, म्हणून ती शेवटच्या फेरीपर्यंत ठेवा. झिजली तर नवी लावा, मधेच काढू नका.

आता दाट गंध. धार पुढे ठेवून पातं सिल्लीवर ढकला आणि टाचेपासून (पात्याच्या मुठीकडच्या भागापासून) टोकाकडे तिरकं सरकवत न्या, म्हणजे संपूर्ण धार दगडावरून जाते. वळताना पाठीवरून उलटवा. दोन्ही बाजूंना २०–३० फेऱ्या. बोटाचा दाब अगदी हलका हवा. पोकळ घडणीचं पातं दाबलं की वाकतं, धार दगडापासून उचलली जाते आणि तुम्ही नुसती पाठ झिजवत बसता. गंध सुकायला लागलं तर थांबा, थेंबभर पाणी घाला.

पुढे जाण्याआधी खात्री करून घ्या. दिव्याखाली धार डोळ्यांसमोर उभी धरा. जिथे चमकती पांढरी रेघ दिसते तिथे धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना अजून मिळालेले नाहीत. मनगटावरचे केस टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे सारखे निघायला हवेत. इथे घाई केली तर पुढची मेहनत वाया जाते, आणि बहुतेक बिघडलेल्या धारांचं मूळ इथेच असतं. धार फारच गेलेली असेल, खाच असेल, तर आधी १००० नंबरच्या कृत्रिम दगडावर उतार बसवणं शहाणपणाचं. त्यात वेळ वाचतो.

मग बोट पाण्यात बुडवून दोन थेंब गंधात सोडा, १५–२० फेऱ्या मारा, पुन्हा दोन थेंब. आठ-दहा वेळा असं केलं की गंध पाण्यासारखं होतं. दर वेळी दाब कमी करत जा, शेवटी वस्तऱ्याचं स्वतःचं वजनच पुरे. नंतर सिल्ली आणि पातं धुऊन निव्वळ पाण्यावर ४०–५० फेऱ्या. धार जमली की पातं दगडाला किंचित चिकटल्यासारखं वाटतं आणि पुढचं पाणी पात्यावर एकसारखं चढतं. ते फक्त मधल्या भागावर चढत असेल तर टाच किंवा टोक मागे राहिलं आहे.

आता चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताठ ओढा. ढिला राहिला तर धार गोल होते. पट्ट्याच्या कापडी बाजूवर २०, चामड्यावर ५० फेऱ्या. दाढी करताना ओढ लागली तर पुन्हा साध्या पाण्यापासून सुरू करा, आणि तरीही सुधारलं नाही तर उतार परत तपासा.

पावसाळ्यात कार्बन पोलाद रातोरात गंजतं. वापरानंतर पातं पाठीकडून धारेकडे पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात द्या आणि मुठीत मिटण्याआधी पूर्ण वाळू द्या. खोबरेल नको, ते चिकट होतं. नंतर धार मंदावली की पुन्हा गंध उगाळू नका, साध्या पाण्यावर २०–३० फेऱ्या बहुधा पुरतात.