आधी नॉर्मल ओळखा: पुण्यात सायबर सिक्युरिटीच्या नोकरीत येणाऱ्यांसाठी

मुलाखतीला आलेल्या फ्रेशरला मी बहुतेक वेळा कॉसमॉस बँकेबद्दल विचारतो. "सर, एटीएम हॅक झालं होतं" इथवर उत्तर येतं आणि तिथेच थांबतं. पुण्यात राहून सिक्युरिटीची नोकरी मागायची आणि गणेशखिंड रस्त्यावरच्या बँकेत काय झालं ते माहीत नाही, हे जरा खटकतंच.

ही ऑगस्ट २०१८ ची गोष्ट. एटीएम मशीन कोणी फोडलं नव्हतं. परदेशात कोणी कार्ड मशीनमध्ये घातलं की पैसे द्यायचे का, हा प्रश्न व्हिसासारख्या नेटवर्कमधून बँकेच्या स्विचकडे, म्हणजे असे प्रश्न पुढे धाडणाऱ्या यंत्रणेकडे, येतो. स्विच तो कोअर बँकिंगकडे, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य यंत्रणेकडे, पाठवतो, तिथे शिल्लक तपासली जाते आणि होकार किंवा नकार उलट जातो. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून मध्येच आपला खोटा स्विच बसवला. तो कोअर बँकिंगला काही विचारायचाच नाही, परस्पर होकार देऊन मोकळा व्हायचा. ११ ऑगस्टला, शनिवारी, क्लोन केलेल्या कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले, थोडे रुपे कार्डांवर भारतातही निघाले. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. सगळं मिळून ९४ कोटींच्या घरात. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली.

मला उत्तरात तारखा नको असतात. माझा पुढचा प्रश्न असतो, "हे तुला कुठे दिसलं असतं?" आणि बरीच मुलं फायरवॉल, अँटिव्हायरस, मग हळूच एआय अशी नावं घेतात. एका मुलीने थोडा विचार करून सांगितलं, "व्हिसाच्या बाजूला व्यवहार वाढलेत आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच नाही, ही तफावत दिसली असती. पण इतर शनिवारी किती व्यवहार असतात ते माहीत असेल तरच." तिच्याकडे एकही सर्टिफिकेट नव्हतं. तिला घेतलं.

या कामात येऊ पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. हल्ला ओळखायला शिकायच्या आधी रोजचं नॉर्मल कसं दिसतं ते शिका. सॉकमधलं, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमधलं, एल-वनचं, म्हणजे पहिल्या फळीचं, काम बाहेरून भारी वाटतं. भिंतीवर मोठे स्क्रीन, त्यावर जगाचा नकाशा (तो नकाशा क्लायंट भेटीला आला की लावतात, एरवी त्याच्याकडे कोणी बघत नाही). आत बसलात की दिसतं ते एवढंच: अलर्टची रांग, एकेक उघडायचा, खरा की खोटा ते ठरवायचं, कारण लिहायचं, बंद करायचा किंवा वरच्या फळीकडे, एल-टूकडे, ढकलायचा. त्यातले बहुतेक खोटेच निघतात. खोटा आहे हे खात्रीने सांगता येणं, आणि का ते दोन ओळींत लिहिता येणं, हेच ते कौशल्य.

एक उदाहरण देतो. जूनच्या सुमारास एका दिवशी सकाळपासून व्हीपीएनवर, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायच्या वाटेवर, लॉगिनची रीघ लागते. एरवी ऑफिसमध्ये बसणारी माणसं वेगवेगळ्या इंटरनेट कनेक्शनवरून आत येतायत, काही तर गावच्या मोबाइल नेटवर्कवरून. टूल लाल होतं. परदेशातला एल-टू घाबरून फोन करतो. पुण्यातला माणूस कॅलेंडर बघतो: ज्ञानोबा-तुकारामांच्या पालख्या शहरात आल्यात, रस्ते बंद, अर्ध्या लोकांनी घरून काम घेतलंय. अनंत चतुर्दशीलाही तेच. पण म्हणून त्या दिवशीचे सगळे अलर्ट डोळे मिटून बंद करायचे नसतात. पालखीच्या गर्दीत एखादं लॉगिन असं असतं की त्या माणसाचं कार्ड ऑफिसच्या गेटवर पंच झालंय आणि व्हीपीएन मात्र दुसऱ्या राज्यातून चालू आहे. ते उघडून बघायचं. चोर सुट्टीचा दिवस निवडतो तो उगाच नाही.

हे शिकायला क्लास लागत नाही. विंडोज लॅपटॉप असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, मशीनवरच्या घटनांच्या नोंदी तिथे नंबरासकट दिसतात. ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं. आत लॉगऑन टाइप असतो: ३ म्हणजे नेटवर्कवरून, ५ म्हणजे सर्व्हिस, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. ११०२ दिसला तर कोणीतरी सिक्युरिटी लॉगच पुसलाय. सिसमॉन बसवा, तो कुठल्या प्रोग्रॅमने कुठला प्रोग्रॅम सुरू केला ते दाखवतो. वर्डच्या फाइलमधून पॉवरशेल, म्हणजे विंडोजला कमांड देणारं टूल, सुरू होणं का वाईट, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे पाहिलेलं डोक्यात राहतं. नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा वायरशार्क लावून तुमचा लॅपटॉप काही न करताही कोणाकोणाशी बोलतोय ते बघा, थक्क व्हाल. लॉग गोळा करून अलर्ट देणारं वाझू फुकट आहे. लिनक्ससाठी ओव्हर-द-वायर या वेबसाइटवरचा बँडिट हा सरावाचा खेळ खेळा. आठवडाभर हे केल्यावर "माझ्या मशीनचं नॉर्मल" असं एक पान मराठीत किंवा इंग्रजीत लिहून काढा. मुलाखतीत ते पान काढणारा उमेदवार मला सोळा टूलची यादी छापलेल्या रेझ्युमेपेक्षा कधीही आवडेल.

सराव करायचा तो स्वतःच्या मशीनवर किंवा त्यासाठीच ठेवलेल्या लॅबवर. कॉलेजच्या वेबसाइटवर स्कॅनर चालवून "बघा, किती होल आहेत" म्हणून दाखवणारी मुलं दरवर्षी भेटतात. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ मध्येही. ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे सांगायला आधी वकील शोधावा लागतो.

क्लासबद्दल विचारणारच आहात, तर थोडक्यात. डेक्कनपासून कर्वे रस्त्यापर्यंत "१००% प्लेसमेंट" चे बोर्ड आहेत, तिथे मागच्या बॅचच्या दोन मुलांचे फोन मागा, दिले नाहीत तर उठा. सी-डॅक या सरकारी संस्थेचा डिटिस हा सहा महिन्यांचा डिप्लोमा मेहनत घेणाऱ्याला उपयोगी पडतो. त्यासाठी सी-कॅटची परीक्षा असते आणि त्या सहा महिन्यांत बाकी आयुष्य बाजूला ठेवावं लागतं. सीईएच हे सर्टिफिकेट एचआरच्या चाळणीतून पुढे सरकायला कामी येतं. ओएससीपी कठीण आहे, पावणेचोवीस तासांची परीक्षा आणि वर रिपोर्ट, पण ती पेनटेस्टिंगची, म्हणजे परवानगीने हल्ला करून कच्चे दुवे शोधण्याची, वाट. सॉकच्या पहिल्या नोकरीसाठी तिच्यावर कर्ज काढू नका. आणि "दोन वर्षांचा एक्स्पिरिअन्स लावून देतो" म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊच नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या नंबरावरून, पीएफची नोंद बघतात, नोकरी लागल्यावर चार महिन्यांनी सुद्धा बघतात. लोकांचे खोटे व्यवहार पकडायच्या नोकरीत खोट्या कागदावर शिरायचं, याला काय म्हणावं?

नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात वेळेचा घोळ समोर येतो. सर्व्हरचे लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), फायरवॉलचे आयएसटीत म्हणजे भारतीय वेळेत, क्लाउडचे क्लायंटच्या देशाच्या वेळेत. यूटीसीच्या लॉगमध्ये २०:०० दिसलं म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. संध्याकाळी आठचं लॉगिन साधं वाटतं, रात्री दीडचं वाटत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवा, लॉग १८० दिवस ठेवा आणि ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा असं सांगितलंय. सहा तास ऐकायला बरेच वाटतात. त्यातले दोन हे खरंच झालंय का यावर जातात, एक क्लायंटला उठवण्यात, एक लीगलच्या कॉलमध्ये. उरलेल्या वेळात कोणीतरी सरळ, तारीखवार लिहिलेलं पान लागतं, आणि ते लिहायला रात्रपाळीचा फ्रेशरच जागा असतो.

म्हणून हँडओव्हर नीट लिहायची सवय लावा. सकाळच्या शिफ्टला "ऑल ओके" असा मेल टाकणं म्हणजे काही न सांगणं. हे बघा: "बॅकअप सर्व्हरवर ०२:१० ते ०२:२५ आयएसटी लॉगिन फसले. सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड काल बदललाय, बॅकअपच्या आपोआप चालणाऱ्या जॉबमध्ये जुनाच आहे असं दिसतं. सर्व्हर टीमला तिकीट टाकलंय. आज रात्री परत झालं तर कारण दुसरं आहे." शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही काय गृहीत धरलंय आणि ते कशाने खोटं ठरेल, हे त्यात आहे.

पण लॉगमध्ये सगळं नॉर्मल सापडत नाही, ते माणसांकडे असतं. अकाउंट्सच्या मॅडम महिनाअखेरीला रात्री अकरापर्यंत बसतात हे कुठल्याही टूलला माहीत नाही. नव्या मुलांना फोन करायची भीती वाटते, ते मेल टाकतात आणि दोन दिवस वाट बघतात. आमच्याकडच्या एका मुलाने सरळ एक्स्टेंशन फिरवलं. "मॅडम, सिक्युरिटीतून बोलतोय. काल रात्री दहाला तुम्ही एक्सेलची मोठी फाइल बाहेर पाठवलीत का?" पलीकडून आवाज चढला, "अहो, मी काय चोरी केली का?" तो म्हणाला, "नाही हो, तुमच्या नावाने दुसऱ्या कोणी पाठवली नाही ना, एवढंच बघतोय." त्यानंतर त्या स्वतःहून फोन करायला लागल्या: ऑडिटरला फाइल पाठवतेय, नवीन व्हेंडरने बँक खातं बदलल्याचा मेल आलाय, हे बघ जरा. तो व्हेंडरचा मेल खोटा होता. कुठल्याही फिल्टरने तो अडवला नव्हता.

आता थोडी मतं, न पटली तरी चालतील. दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं हा त्रास आहे, सुरक्षा नाही. त्यातून गणपती@२०२४ चा दिवाळी@२०२४ होतो, बाकी काही होत नाही. निस्ट या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की गळती झाल्याची चिन्हं नसतील तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. तरी ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये ते आहेच. नव्या माणसाने त्यावर मीटिंगमध्ये वाद घालू नये. मल्टिफॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खात्री, कुठे कुठे नाही त्याची यादी मात्र शांतपणे करावी. तसंच फिशिंग ड्रिलचं, म्हणजे फसव्या मेलच्या सरावाचं. दिवाळीत "तुमचा बोनस बघा" असा खोटा मेल पाठवून क्लिक करणाऱ्याला ट्रेनिंगला बसवायचं, याने माणसं फक्त चिडतात आणि पुढच्या वेळी खरंच क्लिक झालं तरी लपवतात. किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा पहिल्या माणसाने किती मिनिटांत कळवलं ते मोजावं.

आणि आपलीच टूलं निर्दोष समजू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हल्लेखोर कोणी नव्हताच. त्या दिवशी मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये एक फाइल काढायची होती, आणि ज्यांच्याकडे बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाच्या, रिकव्हरी की नीट ठेवलेल्या होत्या त्यांचं काम लवकर उरकलं.

एआयमुळे एल-वनची नोकरी जाणार का, हे आता प्रत्येक जण विचारतो. साधे अलर्ट बंद करण्याचं काम कमी होतंय, हे खरंय. पण पालखी, महिनाअखेर आणि अकाउंट्सच्या मॅडम हे त्याला कोणीतरी सांगावंच लागतं. तुम्ही ते सांगणारे व्हा. फक्त क्लायंटचे लॉग उचलून सार्वजनिक चॅटबॉटमध्ये चिकटवू नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी सोर्स कोड असाच टाकला आणि कंपनीला बंदी घालावी लागली.

घरच्यांचंही थोडं. नोकरी लागली की तुम्ही नात्यातले सायबर पोलीस होता. मामांच्या खात्यातून पैसे गेले, आत्याला "डिजिटल अरेस्ट" चा व्हिडिओ कॉल आला, की पहिला फोन तुम्हाला. तुम्ही काही करू शकत नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला लावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार गेली तरच रक्कम गोठवता येते. चौकशी नंतर, आधी तो फोन.

ऑफर लेटर आलं की पॅकेजच्या आकड्याखालचं वाचा. बाँड किती वर्षांचा, ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेणार का (घेणार असतील तर देऊ नका), नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे का. शिफ्ट दर आठवड्याला फिरते की महिन्याला, हे नक्की विचारा. आठवड्याला फिरणारी शिफ्ट झोपेची वाट लावते. सणाला काम केलं तर बदली सुट्टी मिळते की पैसे? रात्रीची कॅब दारापर्यंत येते की चौकात सोडते? वाकडला कॉट बेसिसवर राहायचं की कोथरूडहून ये-जा करायची, ते या उत्तरांवर ठरवा. संध्याकाळी साडेसहाच्या कोंडीतला वाकडचा भूमकर चौक ज्यांनी पाहिलाय, ते पहिल्या वर्षी रात्रपाळी आपणहून मागून घेतात.