नर्सिंगला ॲडमिशन घ्यायलेत? मग या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडं लातूर, नांदेड, परभणी भागात एकच धावपळ सुरू होते. नीटमध्ये नंबर लागत नाही असं दिसलं की घरचे म्हणतात चला नर्सिंगला टाकू, आणि मग जो एजंट पहिला फोन करील त्याच्या मागं निघतात. मी वॉर्डात नोकरी करते, नवीन पास झालेल्या पोरीपोरांसोबत रोजची ड्युटी असते, म्हणून सांगते. नर्सिंग लाईन खरंच चांगली आहे, पण ज्या कॉलेजात पेशंटच नव्हते तिथून चार वर्षं काढून आलेलं लेकरू सलाईन लावायला उभं राहिलं की त्याचे हात थरथरतात, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो. कॉलेज निवडताना कोणी बघितलंच नाही, एवढंच.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे कोर्स कोणता घ्यायलोत हेच माहिती नसणं. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं म्हणजे आठ सेमिस्टर, आणि जीएनएम झालेल्यांना पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. बीएस्सीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश पाहिजेच, ओपनला पीसीबी मिळून 45 टक्के, एससी-एसटीला 40, आणि ज्या वर्षी ॲडमिशन घ्यायचं त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला वय 17 पूर्ण पाहिजे. इथं बरेच जण मेमोवरची म्हणजे मार्कशीटवरची एकूण टक्केवारी बघून खूष होतात, पण मराठीत पडलेले 80 मार्क इथं कामाला येत नाहीत, मोजायचे ते पीसीबीचेच. बायोलॉजी सोडलेल्या किंवा आर्ट्स-कॉमर्सच्या लेकरांना बीएस्सी मिळत नाही, त्यांना जीएनएम, एएनएमचा रस्ता आहे. "आर्ट्सवर बीएस्सी करून देतो" म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार करा.

दुसरं म्हणजे तालुक्याच्या गावात सहा महिन्याचे, वर्षाचे कोर्स निघालेत. बोर्डावर मोठ्या अक्षरात नर्सिंग लिहिलेलं, ड्रेस मिळतो, शंभर टक्के नोकरी म्हणतात. गरीब घरच्या पोरी तिथं फसायलेत हे बघून खरंच जीव तुटतो. तिथं फक्त एकच प्रश्न विचारायचा, कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होतं का? नसेल होत तर त्या सर्टिफिकेटवर सरकारी अधिपरिचारिका भरतीचा फॉर्म भरता येत नाही, एम्सची नॉरसेट ही नर्सिंग भरतीची परीक्षा देता येत नाही, दहा वर्षांनी पण ती पोरगी दवाखान्यात मदतनीसच राहते.

सीईटी दिली म्हणजे झालं, असं नाही

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा असते, राज्याचं सीईटी सेल घेतं, कॉम्प्युटरवर होते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड. नीटचा अभ्यास झालेला असला तरी इंग्लिश आणि ॲप्टिट्यूडला हात न लावता जाऊ नका, तिथंच मार्क पटकन मिळतात. आणि नीट दिली म्हणून ही सीईटी नको असं समजू नका, मिलिटरी नर्सिंगच्या बीएस्सीला मुलींचा नीटचा स्कोअर लागतो, राज्याच्या कॉलेजांना ही सीईटी.

पण खरा घोळ पुढं होतो. सीईटीचा फॉर्म वेगळा आणि कॅप राऊंडचं, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचं, रजिस्ट्रेशन वेगळं. निकाल आल्यावर परत लॉगिन करून कॅपसाठी रजिस्ट्रेशन, फी, कागदपत्रं अपलोड आणि नंतर कॉलेजांचे पसंतीक्रम असं सगळं करावं लागतं. चांगले मार्क पडलेलं लेकरू घरी फोनची वाट बघत बसतं आणि यादी लागून पण जाते. फोन कोणाचा येत नसतो, वेबसाइटवरची नोटीस आपणच रोज बघायची.

आता हे नीट वाचा. नेट कॅफेत फॉर्म भरताना मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाले दादा घाईत स्वतःचा नंबर टाकतात, किंवा तिथल्या तिथं एक ईमेल काढतात आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. मग पसंतीक्रम भरायच्या शेवटच्या दिवशी ओटीपी जातो कॅफेवाल्याच्या मोबाईलवर आणि तो असतो कुठंतरी लग्नात. असं आधीच झालं असेल तर आजच जाऊन ॲप्लिकेशन नंबर, ईमेल, पासवर्ड वहीत लिहून घ्या, लॉगिन करून नंबर बदलता येतो का बघा, नाहीतर सीईटी सेलच्या हेल्पलाईनला लगेच कळवा, शेवटच्या दिवशी हेल्पलाईन लागत नसते.

पसंतीक्रम भरताना दोन-तीनच कॉलेज टाकून थांबू नका. जास्त टाकल्यानं काही तोटा होत नाही, फक्त खरंच पाहिजे तेच वर ठेवा. सरकारी आधी. आणि पहिल्या फेरीत सीट मिळाली, जॉइन केलं आणि कॉलेजनं पुढं केलेला स्टेटस रिटेन्शन फॉर्म न वाचता सही करून दिला, असं करू नका, तो भरला की तुम्ही पुढच्या फेऱ्यांमधून बाहेर. ते कॉलेज पक्कं पाहिजे असेल तरच भरा.

कागदपत्रं

बारावी सायन्सला आहात तेव्हाच कॉलेजमार्फत जात व्हॅलिडिटीचा अर्ज टाका. जूनमध्ये जाग येऊन उपयोग नाही, जात पडताळणी समितीनं त्रुटी काढली की आजोबांच्या शाळेचा उतारा काढायला गावोगाव फिरावं लागतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या नोंदी निजामाच्या काळातल्या उर्दू-मोडीतल्या, त्या वाचून घेण्यातच महिना जातो. नॉन क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल यांच्या तारखा तपासा. दहावीच्या मेमोवर एक नाव, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं, हे निकालाच्या आधीच दुरुस्त करून घ्या. आणि ओरिजिनल कागद एजंटच्या हातात कधीच देऊ नका. ॲडमिशनच्या वेळी कॉलेजला द्यावे लागले तर पोच घ्या आणि आधी सगळ्याचे कलर स्कॅन काढून ठेवा. कंधारकडची एक पोरगी राज्याबाहेरच्या एका कॉलेजात अडकली, तिचे मेमो आणि टीसी तिकडंच, सोडायचं म्हटलं तर सगळ्या वर्षांची फी मागायलेत.

कॉलेज बघायला स्वतः जा

इथं वेळ घाला, ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बिल्डिंग, बस, बगीचा नंतर बघा, आधी दवाखाना बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणं बीएस्सी कॉलेजला स्वतःचं 100 खाटांचं हॉस्पिटल पाहिजे. सकाळी दहाच्या सुमाराला न सांगता त्या हॉस्पिटलमध्ये शिरा, ओपीडीत रांग आहे का, वॉर्डात खरंच पेशंट आहेत का का नुसत्या गाद्या टाकल्यात, लेबर रूम चालू आहे का, रात्रीची ड्युटी कोण करतं. मग तिथल्याच थर्ड इयरच्या पोरींना चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा, ताई, तुमची पोस्टिंग कुठं असते, प्रसूतीच्या केसेस स्वतः केल्यात का नुसत्या केसबुकात उतरवल्यात? पोरी खरं सांगतात. छत्रपती संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय असो नाहीतर अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय, जिथं पेशंटची गर्दी आहे तिथं पोस्टिंग मिळणाऱ्या कॉलेजची साधी बिल्डिंग पण चालते. ऑफिसात कोणी म्हणालं की "कॉलेजला यायची गरज नाही, परीक्षेला आलं तरी चालतं", तर उठून या. नियमात थिअरीला 80 टक्के हजेरी लागते आणि डिग्री मिळायच्या आधी प्रॅक्टिकल 100 टक्के पूर्ण करावं लागतं. घरी बसून नर्स होता येत नाही, आणि कोणी करून दिलंच तर त्या हाताखाली येणाऱ्या पेशंटचं काय?

मान्यता तिन्हीकडं तपासा: इंडियन नर्सिंग कौन्सिल, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, आणि बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता. कॉलेजच्या भिंतीवर लावलेल्या पत्रावर नाही, त्या-त्या वेबसाइटवर, आणि या वर्षासाठीची.

बिदर, कलबुर्गी जवळ पडतं, बंगळुरूला तर गाड्या भरून लेकरं जायलेत. तिकडं चांगली कॉलेजं पण आहेत, पण एजंटवर जाऊ नका. परत येऊन महाराष्ट्रात रजिस्ट्रेशन करायला काय लागतं ते इथल्या कौन्सिलला आधी विचारा, नंतर नाही.

फीचं गणित

कॅपमधून ॲडमिशन झालं तरच राज्याच्या फी सवलती आणि स्कॉलरशिप मिळतात, मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की संपलं. 8 जुलै 2024 च्या जीआरप्रमाणं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर, कॅपमधून व्यावसायिक कोर्सला गेल्यावर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. हे माहिती नसल्यानं किती जणांनी शेत गहाण टाकून मॅनेजमेंटची सीट घेतली असेल. फक्त हॉस्टेल, मेस, ड्रेस, बसचा खर्च वेगळा, तो लेखी विचारून घ्या. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असते, त्याच्या वर डोनेशन मागणं 2015 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

स्कॉलरशिप मंजूर दिसायली पण खात्यात पैसे नाहीत, ही तक्रार दरवर्षीची. बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे, पण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात यायला, ते खातं आधारला सीड झालेलं नसतं, किंवा जुनं जनधन खातं सीड असतं आणि पैसे तिकडं जातात. बँकेत जाऊन "डीबीटी सीडिंग" असाच शब्द वापरून अर्ज द्या.

मुलांनो, तुम्हाला पण सांगते. नर्सिंग पोरींचंच काम म्हणून घरचे नको म्हणत असतील तर त्यांना कोणत्याही मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत नेऊन आमचे ब्रदर काम कसं करतात ते दाखवा. पण एम्सच्या भरतीत मुलांना 20 टक्केच जागा आणि 80 टक्के मुलींना, हे पण आधी माहिती पाहिजे, म्हणजे अभ्यास त्या हिशोबानं सुरू होतो.

आणि कॅपच्या फेऱ्यात नंबर नाहीच लागला तर लगेच एजंटला पैसे देऊ नका. रिकाम्या जागांच्या फेऱ्या नंतर निघतात, त्यांची नोटीस बघत राहा, सोबत जीएनएमचा फॉर्म पण भरून ठेवा, जीएनएम करून पोस्ट बेसिक केलेल्या कितीतरी सिस्टर आज इन्चार्ज आहेत. संस्था पातळीवर ॲडमिशन घ्यायची वेळ आलीच तर कॉलेजचं नाव सीईटी सेलच्या यादीत आहे का बघा, पैसे रोख देऊ नका, आणि पावती कॉलेजच्या नावाची, शिक्क्यासकट त्याच टेबलावर घ्या.